विचारण्यापुरती वीज

एनएफसी (नियर फील्ड कम्युनिकेशन, म्हणजे अगदी जवळ धरून बोलण्याचं तंत्र) म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पैसे देणं येतं. फोन यंत्राला टेकवला, आवाज झाला, काम झालं. माझ्या टेबलावर हेच तंत्र वेगळ्या कामाला लागलेलं असतं. टपालाच्या तिकिटाएवढ्या पट्टीवर एक चिप, तिच्याभोवती तांब्याचे काही वेढे आणि शेजारी तापमान किंवा ओलावा मोजणारा एखादा बारका सेन्सर. बॅटरी नाही, बटण नाही. फोन जवळ नेला की चिप जागी होते, मोजते, आकडा सांगते. फोन बाजूला केला की सगळं बंद. बरीच वर्षं मी यात रमले आहे, आणि जसजशी खोलात गेले तसतसं एक मत पक्कं होत गेलं. वीज जेमतेम, अंतर बोटभर, आणि कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही या तंत्राची उणी बाजू म्हणून सांगितली जाते. मला त्यातच त्याचं बळ दिसतं.

साध्या सेन्सरचं आयुष्य त्याच्या सेलवर ठरतं. मोजणारा भाग वीस-पंचवीस वर्षं टिकेल असा असला, तरी सेल संपला की त्याचाही कचरा होतो. हाताशी असलेल्या वस्तूत सेल बदलता येतो. भिंतीच्या आत, पुलाच्या काँक्रीटमध्ये, सील केलेल्या यंत्राच्या पोटात किंवा माणसाच्या शरीरात बसवलेल्या सेन्सरचं काय करायचं? तिथे सेल बदलणं म्हणजे फोडाफोड, नाहीतर शस्त्रक्रिया. एनएफसीच्या सेन्सरला वीज देतो तो विचारणारा. प्रश्न आणि उत्तर देण्यापुरती ताकद, दोन्ही एकाच क्षेत्रातून एकाच वेळी येतात. विचारणारा निघून गेला की सेन्सरकडे काही उरत नाही, आणि म्हणूनच त्याचं काही संपतही नाही.

यामागचं तत्त्व जुनं आहे. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातला प्रवाह चालू किंवा बंद करताना दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटतो हे पाहिलं. फोन आणि टॅग, म्हणजे ही चिपची पट्टी, यांच्यात तेच घडतं, मधलं लोखंड तेवढं गेलं आणि हवा आली. फोनच्या पाठीमागच्या कॉईलमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, प्रवाह सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनं करतो, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झ. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे २२ मीटर. आपलं काम चालतं ते दोन-चार सेंटिमीटरवर. इतक्या जवळ रेडिओ लहर म्हणून सुटून जाण्याइतका वावच ऊर्जेला मिळत नाही. ती कॉईलच्या आसपासच्या जागेत साठते, परत फिरते, पुन्हा साठते. या ये-जा करणाऱ्या ऊर्जेतला थोडा वाटा टॅग उचलतो.

वाटा किती, तर त्याचा एक हिशेब मला फार आवडतो. आयएसओ १४४४३ या बिनस्पर्श कार्डांच्या मानकानुसार कार्डाने दर मीटरला १.५ अँपिअर एवढ्या कमी क्षेत्रातही चालायला हवं. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र याच्या साधारण वीसपट असतं! आपण जन्मभर त्यात वावरतो आणि त्यातून एक दिवाही लागत नाही, कारण ते स्थिर आहे. कार्डापाशी येणारं क्षेत्र त्यामानाने अगदीच क्षीण, पण सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा पालटणारं. कार्डाच्या मापाची चार वेढ्यांची कॉईल त्यात धरली तर कागदावर सुमारे अडीच व्होल्ट येतात. कॉईलचं क्षेत्रफळ, वेढे, चुंबकीय क्षेत्र आणि वारंवारता यांचा नुसता गुणाकार. ज्या आकड्याची कीव यावी, तो फक्त बदलाच्या वेगामुळे चिप चालवण्याइतका होतो.

आता कॉईल लहान करा. तेच चार वेढे, पण एक सेंटिमीटरच्या चौकोनात. विद्युतदाब चाळिसाव्या हिश्श्यावर येतो, जेमतेम ६५ मिलिव्होल्ट. अंतराचंही तसंच. फोनच्या कॉईलची त्रिज्या २ सेंटिमीटर धरली, तर समोर २ सेंटिमीटरवर क्षेत्र मूळच्या ३५ टक्के उरतं, ४ सेंटिमीटरवर ९ टक्के, ६ सेंटिमीटरवर ३ टक्के. आणि वीज क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात मिळत असल्याने ४ सेंटिमीटरवरच ती एक टक्क्याच्या खाली जाते. ‘जवळ’ म्हणजे किती जवळ, ते हे आकडे बघितले की कळतं. कॉईल मोठी करा, अंतर वाढेल. पण तितकीच मोठी कॉईल टॅगलाही लागेल. यातून सुटका नाही, आणि एकदा हे मान्य केलं की पुढची आखणी सोपी होते.

लहान कॉईल तगते ती अनुनादामुळे, म्हणजे एका ठराविक वारंवारतेला जोराने साथ देण्यामुळे. कॉईलचं प्रवर्तन (प्रवाहातल्या बदलाला तिचा विरोध) आणि चिपच्या आतलं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) यांची जोडी १३.५६ मेगाहर्ट्झला जुळली की उमटलेला दाब कित्येक पटींनी वाढतो. बऱ्याच टॅग-चिपमध्ये आत ५० पिकोफॅरड असतात. मग कॉईल हवी ती २.७५ मायक्रोहेन्रीची. हे जुळवणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. नॅनोव्हीएनए नावाचं हातात मावणारं एक यंत्र मिळतं. त्याला तारेचं एक छोटं कडं जोडायचं, कड्यावर टॅग धरायचा आणि पडद्यावरची रेघ बघायची. सरळ चाललेली रेघ एका जागी खोल खड्डा घेते. ती टॅगची खरी वारंवारता. खड्डा १४.२ मेगाहर्ट्झला दिसला तर प्रवर्तन किंवा कपॅसिटन्स कमी पडतंय. एखादा वेढा किंवा काही पिकोफॅरड वाढवायचे. बोट टॅगजवळ नेलं की खड्डा डावीकडे सरकतो, कारण बोटाने आपलं कपॅसिटन्स आणलेलं असतं. पट्टीमागे धातूचा तुकडा धरला की तो उजवीकडे पळतो आणि उथळही होतो: धातूत भोवरे-प्रवाह उठतात, कॉईलचं क्षेत्र खोडून काढतात आणि ऊर्जा खातात. मध्ये फेराइटचा (चुंबकीय क्षेत्राला वाट देणाऱ्या, पण वीज फारशी न वाहणाऱ्या पदार्थाचा) पातळ पत्रा सरकवला की खड्डा पुन्हा खोल होतो, पण आता वाजवीपेक्षा डावीकडे. मग पुन्हा वेढे कमी करा. टॅग कशावर चिकटणार हे माहीत नसताना तो टेबलावर अचूक जुळवण्याला काही अर्थ नाही. मी तर आधी ती पृष्ठभूमी आणून ठेवते, मग तार कापते.

खूप जवळ जाणंही नेहमी बरं नसतं, हे बाहेरच्यांना सहसा पटत नाही. दोन जुळलेल्या कॉईल एकमेकींना अगदी चिकटल्या की त्यांचा एक सामाईक अनुनाद फुटून दोन होतात, एक खाली, एक वर, आणि मधल्या १३.५६ वर उलट कमी वीज मिळते. फोन टेकवल्यावर वाचत नसेल आणि किंचित उचलल्यावर वाचत असेल, तर त्याचं एक कारण बऱ्याचदा हेच असतं.

वीज मिळाली, आता उत्तर कसं द्यायचं? टॅगकडे ट्रान्समीटर नाही. तो स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. दोघांनी एक दोरी धरली आहे आणि एकजण ती सतत हलवतोय असं समजा. दुसऱ्याने आपल्या टोकाची पकड आवळली-सैल केली तर हलवणाऱ्याला ते आपल्या हातात जाणवतं. टॅग एवढंच करतो. कॉईलवरचा भार जोडतो, सोडतो, जोडतो, सोडतो, सेकंदाला सुमारे ८ लाख ४८ हजार वेळा, आणि ती लय मध्येच चालू ठेवून, मध्येच थांबवून शून्य-एक सांगतो. फोनच्या कॉईलवरच्या दाबात त्यामुळे अगदी सूक्ष्म थरथर उमटते. स्वतःच पाठवलेल्या जोरकस लहरीच्या अंगावरची ही थरथर फोन ओळखतो. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्रावर, ती पाहायला नजर तयार करावी लागते. पण एकदा दिसली की मग सारखी दिसते.

फोनचं बोलणं याच्या उलट. सगळ्यात प्रचलित पद्धतीत फोन आपलं क्षेत्र दोन-तीन मायक्रोसेकंदांसाठी पार बंद करतो, आणि अशी पोकळी कुठल्या जागी आली यावरून शून्य-एक ठरतात. म्हणजे टॅगला जेव्हा जेव्हा काही सांगितलं जातं, तेव्हा तेव्हा त्याची वीज तोडलेली असते! त्या पोकळीत तो आतल्या बारक्याशा कपॅसिटरमधल्या साठ्यावर तग धरतो, आणि त्याच वेळी पोकळी किती लांब होती तेही मोजतो. ज्या कुणी हे पहिल्यांदा सिलिकॉनमध्ये उतरवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

वीज आणि बोलणं यांचं भांडण इथेच सुरू होतं. अनुनाद जितका तीक्ष्ण तितका दाब जास्त. पण तीक्ष्ण अनुनाद म्हणजे अरुंद पट्टा. गुणवत्ता-गुणांक (अनुनाद किती तीक्ष्ण ते सांगणारा आकडा) १०० केला तर पट्ट्याची रुंदी फक्त १३६ किलोहर्ट्झ उरते, आणि टॅगचं उत्तर तर मध्यापासून ८४८ किलोहर्ट्झ दूर बसलेलं. भरपूर वीज मिळेल, पण शब्द बाहेर पडणार नाही. नुसती वीज पोचवायची असेल तर एक कॉईल, बोलायचंही असेल तर दुसरी. सेन्सरला दोन्ही हवं असतं, म्हणून त्याची कॉईल कायम तडजोडीची असते. ही तडजोड नीट केलेली पट्टी मी बघूनच ओळखू शकते, आणि तशी पट्टी बघून मला बरं वाटतं.

एवढ्याशा विजेत होतं काय? चांगल्या जुळलेल्या पट्टीला फोनपाशी काही मिलिवॉट मिळतात. ५ धरू. फोन एक सेकंद टेकवला की ५ मिलिज्यूल. तापमान मोजणाऱ्या बारक्या सेन्सरला ३ व्होल्टवर अर्धा मिलिअँपिअर, आणि तोही दहा मिलिसेकंदच लागत असेल, तर एका मोजणीचा खर्च १५ मायक्रोज्यूल. म्हणजे एका टेकवण्यात तीनशेहून जास्त मोजण्यांपुरती वीज. दुसऱ्या बाजूने बघा: नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल २२५ मिलिअँपिअर-तासांचा, त्यात सुमारे २,४०० ज्यूल. पावणेपाच लाख वेळा फोन टेकवला तेव्हा कुठे त्या सेलची बरोबरी. विजेचं भांडार म्हणून एनएफसी अगदीच किरकोळ. पण भिंतीतला ओलावा महिन्यातून एकदा बघायचा असेल तर २,४०० ज्यूल आत पुरून ठेवण्याचं कारण काय?

आता ज्या गोष्टीने माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि जिच्याबद्दल मला अजूनही सर्वाधिक कुतूहल आहे, तिच्याकडे येते. फोन टॅगवर धरून ठेवला की तापमानाचा आकडा हळूहळू चढत जातो. खोली तीच, वस्तू तीच, वाऱ्याची झुळूकही नाही, तरी आकडा वर. कारण चिपच्या आत आहे. क्षेत्र गरजेपेक्षा जोरात आलं तर चिप जळू नये म्हणून तिच्यात एक आडवाट ठेवलेली असते. जास्तीचा प्रवाह त्या वाटेने वळवला जातो आणि उष्णता होऊन संपतो. सेन्सर त्याच सिलिकॉनवर असेल तर तो खोलीचं तापमान सांगत नाही, आपण त्याला किती जोरात विचारतोय ते सांगतो. वर फोन स्वतः कोमट असतो, हाताची ऊब असतेच.

याला मार्ग आहेत. पहिला म्हणजे जागं झाल्याबरोबर, बाकी कुठलंही बोलणं होण्याआधी मोजून घ्यायचं. उष्णता चढायला वेळ लागतो, त्या आधीचा आकडा खरा. दुसरा मार्ग सेन्सर चिपपासून लांब नेण्याचा: पट्टीला अरुंद मान काढायची, आजूबाजूचं तांबं काढून टाकायचं, मानेला चिरा द्यायच्या, म्हणजे उष्णता सहज पलीकडे जात नाही. तिसरा मला सर्वात आवडतो. मुद्दाम पाठोपाठ बऱ्याच मोजण्या घ्यायच्या, चढत्या आकड्यांची वक्ररेषा काढायची आणि ती मागे शून्य सेकंदापर्यंत न्यायची. फोन टेकवण्याआधी तिथे काय होतं, ते फोन टेकवल्यानंतरच्या आकड्यांतून काढायचं. यासाठी लागणाऱ्या मोजण्यांना वीज पुरते, तीनशेचा हिशेब आत्ताच झाला. शिवाय त्या वक्ररेषेचा चढ आणखी एक गोष्ट सांगतो: पट्टी कशावर चिकटलीय. धातूवर असेल तर उष्णता पटकन निघून जाते, आकडा फारसा चढत नाही. फोमवर असेल तर भराभर चढतो. ज्याला दोष म्हणून काढून टाकायला निघालो, त्यातूनच दुसरं मोजमाप हाती येतं. उष्णतेचं वहन मोजण्याची ही रीत नवीन नाही, पदार्थाला थोडी उष्णता देऊन तो कसा तापतो हे बघणाऱ्या पद्धती प्रयोगशाळेत असतातच. एका बॅटरी नसलेल्या पट्टीत ती आपसूक येते, याचं मात्र मला अप्रूप आहे.

बाहेरून ऊर्जा देऊन आत काय चाललंय ते जाणण्याची कल्पना चिपच्याही आधीची आहे. १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूतांना, अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना, लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते निवासस्थानाच्या भिंतीवर टांगलं गेलं. आत लेव्ह थेरेमिन या सोव्हिएत संशोधकाने घडवलेली एक धातूची पोकळी होती, तिच्या तोंडावर पातळ पडदा आणि एक अँटेना. बाहेरून रेडिओ लहर सोडली की खोलीतल्या बोलण्याने पडदा थरथरे, कपॅसिटन्स बदले आणि परतणाऱ्या लहरीवर आवाज उमटे. बॅटरी नाही, तार नाही. लहर बंद असली की तपासणाऱ्याला सापडण्यासारखं काहीच नाही. १९५२ पर्यंत ते तसंच टांगलेलं राहिलं. सेन्सर आपणहून काही बोलत नाही, याचा हा काळा वापर. मी तो विसरत नाही, कारण टॅग कुणाच्या अंगावर, कुणाच्या नकळत बसतोय, हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे.

त्या पडद्यात आणि मला सगळ्यात सुंदर वाटणाऱ्या आधुनिक प्रयोगात एक नातं आहे. २०१४ मध्ये एमआयटीतल्या टिमथी स्वॅगर यांच्या गटाने बाजारात मिळणारा साधा एनएफसी टॅग घेतला, त्याच्या वाहक रेघेत भोक पाडून मंडल तोडलं, आणि तो तुटलेला भाग कार्बन नॅनोट्यूबच्या खास शिशाने, पेन्सिलीने रेघ ओढावी तसा, पुन्हा जोडला. ही रेघ विशिष्ट वायूच्या संपर्कात आली की तिचा विद्युतरोध बदलतो. अमोनिया आला, रोध बदलला, टॅगचा अनुनाद बिघडला किंवा जुळला, आणि फोनला टॅग वाचता येईनासा झाला किंवा यायला लागला. एवढंच. आकडा नाही, मोजणारं वेगळं मंडल नाही. टॅग वाचला गेला की नाही, हेच उत्तर. विजेच्या जुळणीवर सगळं अवलंबून असणं हा आम्हा टॅग बनवणाऱ्यांचा रोजचा ताप. त्यांनी त्यालाच सेन्सर केलं. सगळीकडे हे चालेल असं नाही. अंतर थोडं बदललं तरी टॅग वाचला जात नाही, मग वायूमुळे की हातामुळे, हे कसं ओळखायचं? तरी मोजण्यासाठी नवीन भाग जोडण्याआधी आहे त्यात काय बदलतंय ते बघावं, हे मी त्या प्रयोगावरून शिकले.

वैद्यकात या तंत्राचं मोल सर्वात सहज पटतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा इतकी नाजूक असते की हृदयाचे ठोके मोजायला चिकटवलेल्या पट्ट्या काढतानाही ती सोलवटते, आणि त्या पट्ट्यांच्या वायरींमुळे बाळाला आईच्या छातीशी धरणंही अवघड होतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१९ मध्ये त्वचेसारख्या पातळ, मऊ अशा दोन पट्ट्या दाखवल्या, एक छातीवर, एक पावलावर. वीज आणि माहिती दोन्ही १३.५६ मेगाहर्ट्झवर, गादीखाली ठेवलेल्या अँटेनातून. बॅटरी नसल्यामुळे पट्टी पातळ आणि हलकी राहिली. इथे विचारणारा सतत हजर आहे, म्हणून मोजणीही सतत चालते. अर्थात बाळ क्षेत्राबाहेर उचललं की मोजणी थांबणार; त्याच गटाने पुढे बॅटरी आणि ब्लूटूथ असलेल्या आवृत्त्याही केल्या, यात मला काही वावगं दिसत नाही. सिंगापूरमधल्या जॉन हो यांच्या गटाने २०२० मध्ये वेगळी वाट काढली: कपड्यावर वाहक धाग्याचं भरतकाम करून फोनचं क्षेत्र अंगावर दुसऱ्या जागी न्यायचं. खिशात फोन, मीटरभर दूर सेन्सर, मध्ये फक्त धागा. अंतराचं बंधन तोडण्याऐवजी त्यांनी क्षेत्रालाच वाट काढून दिली.

जिथे हे तंत्र लावू नये तिथेही लावलं जातं, ते मला खटकतं. लस वाहून नेताना वाटेत कधी ऊन लागलं का, हे बॅटरी नसलेला एनएफसी टॅग सांगू शकत नाही. कोणी विचारलं नाही तेव्हा तो झोपलेला होता. झोपेतली नोंद हवी असेल तर आत सेल हवाच. ॲबट कंपनीचा फ्रीस्टाईल लिब्रे हा साखर मोजणारा सेन्सर, २०१४ मध्ये युरोपात आलेला, याचं उत्तम उदाहरण. दंडावर १४ दिवस बसतो, आत स्वतःची बॅटरी असते, त्यावर तो मोजतो आणि मागच्या ८ तासांच्या नोंदी ठेवतो. एनएफसी फक्त वाचण्यासाठी. साखर रात्रीतून उतरते, तेव्हा विचारणारा माणूस झोपलेला असतो. म्हणून तिथे सेल हवा, आणि पुढच्या आवृत्तीत इशारा देण्यासाठी ब्लूटूथही आलं. प्रश्न कोण विचारणार आणि कधी, हे आधी ठरवावं. उत्तर ‘कोणीच नाही, पण तरी कळायला हवं’ असं असेल, तर एनएफसीचा नाद सोडावा.

एनएफसी फोरम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये याच अँटेनातून १ वॅटपर्यंत चार्जिंग करण्याचं मानक जाहीर केलं. इअरबड, पेन, घड्याळ अशा चिमुकल्या वस्तूंसाठी ते सोयीचं आहे. माझं मन त्यात रमत नाही. चार्जिंग म्हटलं की बॅटरी परत आलीच, आणि तिच्याबरोबर तिचं आयुष्यही. त्यापेक्षा फोनच्या विजेवर उघडणारी, बॅटरी नसलेली कुलुपं मला जास्त पटतात. फोन टेकवायचा, कपॅसिटर क्षणभर भरू द्यायचा, ओळख पटली की तो साठा एका झटक्यात बारक्या मोटरला द्यायचा. ई-पेपरचे टॅग तसेच: चित्र बदलण्यापुरती वीज घेतात, आणि पुढे चित्र विजेशिवाय राहतं.

जवळून विचारावं लागतं म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मात्र कुणी समजू नये. टॅगला वीज द्यायला जवळ यावं लागतं, पण दुसरा कुणी वाचत असताना ते बोलणं चोरून ऐकणं त्याहून बऱ्याच लांबून शक्य असतं. शरीराची मापं सांगणाऱ्या टॅगमध्ये सांकेतिक कुलूप हवंच, आणि ते चालवायलाही त्याच मिलिवॉटमधून वाटा काढावा लागतो. मी तो काढते. मोजण्या कमी करते, कुलूप ठेवते.

फोनकडून आणखी थोडी साथ हवी आहे. एनएफसी असलेला पहिला अँड्रॉइड फोन २०१० मध्ये आला, आयफोनने ॲपना टॅग वाचायची मुभा २०१७ मध्ये दिली आणि लिहायची २०१९ मध्ये. आज जवळपास प्रत्येकाच्या खिशात टॅगला वीज देणारं यंत्र आहे. पण अँटेना फोनच्या पाठीवर नक्की कुठे आहे हे फोनवर छापलेलं नसतं. एका फोनवर पट्टी भरभरून चालते, दुसऱ्यावर जेमतेम जागी होते. २०२५ मध्ये फोरमने प्रमाणित अंतर ५ मिलिमीटरवरून २ सेंटिमीटरपर्यंत नेणारी आवृत्ती जाहीर केली. पैसे देणाऱ्याला याने फार फरक पडणार नाही, फोन थोडा तिरका धरला तरी चालेल इतकंच. माझ्यासाठी २ सेंटिमीटर म्हणजे प्लास्टरचा एक थर. सध्या मी त्याच मापाची पट्टी करतेय: कॉईल कार्डाएवढी, मागे फेराइट, कारण काँक्रीटमध्ये थोडंच खाली सळई असणार, ओलाव्याचा सेन्सर मानेच्या टोकाला, आणि जाग आल्याबरोबर पहिली मोजणी तापमानाची. प्लास्टर ओलं असताना नॅनोव्हीएनएवर खड्डा कुठे असतो आणि वाळल्यावर कुठे जातो, ते आधी बघायचं. पुरेसा सरकत असेल, तर ओलाव्याच्या वेगळ्या सेन्सरची गरजच उरणार नाही.